ॲपल्स इन स्टिरिओ

ॲपल्स इन स्टिरिओ : अमेरिकन इंडी (बड्या कंपन्यांबाहेरचा, स्वतंत्र) पॉप बँड. स्थापना डेन्व्हर, कोलोरॅडो, १९९२. गायक, गिटारवादक, गीतकार आणि निर्माता रॉबर्ट श्नायडर हा बँडचा कर्ताधर्ता. १९६० च्या दशकातील कॅलिफोर्नियाच्या सनशाइन पॉपचे पुनरुज्जीवन करणाऱ्या बँडांमध्ये याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ‘एलिफंट सिक्स’ या संगीतकारांच्या मित्रमंडळाचा हा बँड एक आधारस्तंभ होता. बँडच्या लिखित नावात ‘इन स्टिरिओ’ हे शब्द कंसात असतात, ‘ॲपल्स’ मात्र पिंक फ्लॉइडच्या १९६७ मधल्या एका गाण्यावरून आले.

सनशाइन पॉप हा प्रकार साधारण १९६६ ते १९६९ या काळात लॉस एंजेलिसच्या आसपास फुलला. तीन-चार किंवा त्याहून अधिक गळ्यांचे एकावर एक रचलेले सूर, त्यांच्या मागे तंतुवाद्ये, तुताऱ्या, हार्पसिकॉर्ड (पियानोचा जुना, तारा छेडून वाजणारा भाऊबंद), आणि शब्दांत ऊन, पतंग, रविवार, प्रेम. असोसिएशन, टर्टल्स, फिफ्थ डायमेन्शन, काउसिल्स ही त्यातली गाजलेली नावे. कर्ट बेचर याच्या मिलेनियम या गटाने १९६८ मध्ये दोन आठ-ट्रॅक यंत्रे (एकाच टेपवर आठ आवाज वेगवेगळे भरता येणारी) एकमेकांशी जुळवून ‘बिगिन’ हा खर्चिक अल्बम केला. तो फारसा खपला नाही, पण पुढच्या पिढीतल्या शौकिनांनी शोधून काढून डोक्यावर घेतला. या साऱ्यांवर छाया होती ती बीच बॉइज हा कॅलिफोर्नियाचा बँड आणि त्याचा गीतकार-निर्माता ब्रायन विल्सन यांची. विल्सनने बँडच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बममध्ये सायकलची घंटी आणि कुत्र्यांचे भुंकणेसुद्धा वाद्यमेळात बसवले. त्याला एका कानाने ऐकू येत नसे आणि ही तबकडी मुळात मोनोमध्ये (स्टिरिओसारखे डावे-उजवे वेगळे न करता, एकाच ध्वनिमार्गात) निघाली. नावातच स्टिरिओ मिरवणाऱ्या बँडचे दैवत मोनो असावे, हा योगायोग गमतीचाच.

श्नायडरचा जन्म १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनचा. वाढला तो लुइझियाना राज्यातील रस्टन या छोट्या गावात. तिथे शाळकरी वयात त्याची गट्टी जमली बिल डॉस, विल कलन हार्ट आणि जेफ मँगम यांच्याशी. चौघेही घरच्या घरी कॅसेटवर गाणी भरत आणि एकमेकांना देत. गावात ना मोठा स्टुडिओ, ना या छंदाला गिऱ्हाईक. ऐकणारा प्रत्येक जण स्वतःही गाणी करणारा, म्हणून कॅसेट ऐकवण्यात चढाओढीपेक्षा चिथावणी जास्त. पुढे हार्ट आणि डॉस यांनी ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल, तर मँगमने न्यूट्रल मिल्क होटेल हा बँड काढला. एलिफंट सिक्सचे बोधचिन्ह हार्टने रेखाटले.

डेन्व्हरला आल्यावर श्नायडरची जिम मॅकिंटायरशी ओळख बसमध्ये झाली. ‘आवडता बँड कोणता?’ या प्रश्नाला मॅकिंटायरने ‘बीच बॉइज’ असे उत्तर दिले आणि पुढचे जमून गेले. नव्वदीच्या सुरुवातीला ग्रंज या खरखरीत, कर्कश रॉकचा धुमाकूळ चालू असताना असे उत्तर देणारा तरुण विरळाच. ढोलवादक आणि गायिका हिलरी सिडनी व गिटारवादक ख्रिस परफिट यांच्यासह पहिला संच उभा राहिला. जॉन हिल आणि एरिक ॲलन नंतर आले. १९९३ मध्ये निघालेली ‘टायडल वेव्ह’ ही छोटी तबकडी हे एलिफंट सिक्सच्या शिक्क्याचे पहिले प्रकाशन.

या बँडचा आवाज समजायचा तर टेपचे तंत्र समजले पाहिजे. चार ट्रॅकच्या यंत्रावर तीन ट्रॅक भरले की ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तीनवर पुन्हा नवे आवाज चढवायचे. साठच्या दशकात बीटल्सही असेच ट्रॅक एकत्र करत, फक्त ते दुसऱ्या यंत्रावर उतरवत. प्रत्येक उतरवणुकीत खरखर वाढते, वरच्या सुरांची धार जाते, आणि आधी ठरवलेला समतोल पुन्हा बदलता येत नाही. साठच्या दशकातल्या अभियंत्यांच्या दृष्टीने ही अडचण होती. श्नायडरने तीच चव म्हणून उचलली. ‘फन ट्रिक नॉइजमेकर’ (१९९५) हा पहिला पूर्ण अल्बम ऐकताना गळ्यांच्या थरांइतकेच फझ गिटारच्या (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या) घरघरीकडे आणि टेपच्या धुरकट पोताकडे लक्ष जाते. असोसिएशनच्या मागे लॉस एंजेलिसचे कसलेले भाडोत्री वादक असत. इथे घरातली आठ-ट्रॅक यंत्रणा आणि मित्र. त्यामुळे ही निव्वळ नक्कल होऊच शकत नव्हती, आणि ते बरेच झाले.

पुढच्या अल्बमने हे आणखी स्पष्ट केले. ‘टोन सोल इव्होल्यूशन’ (१९९७) साठी कनेक्टिकटमधील हार्टफर्डच्या एका व्यावसायिक स्टुडिओत काम सुरू झाले, पण बँडचे समाधान झाले नाही, आणि बरीचशी गाणी डेन्व्हरला श्नायडरच्या स्वतःच्या स्टुडिओत नव्याने भरली गेली. स्टुडिओचे नाव अर्थातच ‘पेट साउंड्स’. न्यूट्रल मिल्क होटेलचा १९९८ चा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा आज इंडी संगीतातला मानदंड समजला जाणारा अल्बमही याच जागी, श्नायडरच्या निर्मितीखाली घडला. त्या अल्बमच्या कीर्तीने ॲपल्स काहीसे झाकोळले गेले, हे मान्य करावे लागते. चाली मात्र ‘टोन सोल’च्याच जास्त बांधेसूद आहेत.

‘हर वॉलपेपर रेव्हरी’ (१९९९) जेमतेम अर्ध्या तासाचा. गाण्यांच्या मधे छोटे वाद्यतुकडे पेरलेले. सायकेडेलिक (भ्रमिष्ट, स्वप्नवत) अंग इथे सर्वाधिक उघडे पडते. २००० मध्ये बँडने ‘पॉवरपफ गर्ल्स’ या कार्टून मालिकेच्या संगीतसंग्रहासाठी गाणे केले. ही मालिका भारतातही कार्टून नेटवर्कवर लागत असे. ‘व्हेलॉसिटी ऑफ साउंड’ (२००२) मध्ये गोडवा बाजूला सारून आवाज चढवला गेला, आणि तो प्रयोग फार टिकाऊ ठरला नाही. हिलरी सिडनी २००६ मध्ये बाहेर पडली. तिचा सरळ, किंचित कोरडा आवाज श्नायडरच्या लाडिक सुराला उतारा होता. नंतरच्या कामात ती उणीव जाणवते.

‘न्यू मॅग्नेटिक वंडर’ (२००७) हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतील अभिनेता एलायजा वुड याच्या सिमियन रेकॉर्ड्सचा पहिला अल्बम. त्यात श्नायडरने स्वतः रचलेली स्वरपट्टी वापरून केलेले छोटे तुकडे आहेत. या पट्टीत सुरांच्या कंपनसंख्या क्रमवार पूर्णांकांच्या लॉगरिदमच्या प्रमाणात असतात. ४ चा लॉगरिदम २ च्या लॉगरिदमच्या दुप्पट, ९ चा ३ च्या दुप्पट, आणि कंपनसंख्या दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जातो. म्हणून कुठलीही संख्या आणि तिचा वर्ग यांच्या सुरांत नेमके एका सप्तकाचे अंतर पडते. वर जावे तसे शेजारच्या सुरांमधले अंतर आक्रसत जाते. बावीस श्रुतींची सवय असलेल्या कानालाही हे तुकडे परकेच वाटतील, कारण षड्ज-पंचमाचा शुद्ध संवाद या पट्टीचा पाया नाही. २०१० चा ‘ट्रॅव्हलर्स इन स्पेस अँड टाइम’ सत्तरच्या दशकाकडे सरकतो: पियानो, यांत्रिक केलेले गळे, इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या त्या काळातल्या ब्रिटिश बँडचा ठसा.

गणिताची ओढ श्नायडरला लागली ती टेपयंत्रामुळेच. बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्याच्या खटपटीत ओहमचा नियम हाती लागला आणि तिथून तो गणिताकडे वळला. एमरी विद्यापीठात, रामानुजनच्या गणितावरील कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या केन ओनो यांच्या मार्गदर्शनाखाली, त्याने २०१८ मध्ये पीएच.डी. मिळवली. विषय होता पूर्णांकांची विभाजने: ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच प्रकारे मांडता येते, अशा प्रकारांची संख्या मोठ्या पूर्णांकांसाठी किती, या प्रश्नावर हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये मूलभूत काम केले होते. श्नायडर नंतर मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात अध्यापक झाला. ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलचा बिल डॉस, जो मधल्या काळात ॲपल्समध्येही वाजवत होता, २०१२ मध्ये वारला. विल कलन हार्ट २०२४ मध्ये.