फोटो हलला की फोकस चुकला?

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं: "शार्प नाही आला रे." पण शार्प न येण्यामागे दोन वेगळी दुखणी असतात. एकात फोटो हललेला असतो, दुसऱ्यात फोकस भलतीकडे गेलेला असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर दोन्ही सारखेच धूसर दिसतात. पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझं पहिलं वर्ष यातच गेलं. भिगवणला, उजनीच्या पाणफुगवट्यावर नावेतून काढलेले रोहित पक्ष्यांचे फोटो घरी येऊन बघितले, तर सगळे मऊ. मला वाटलं, फोकस थोडक्यात हुकतोय. पुढच्या वेळी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ५.६ वरून एफ ११ इतकं लहान केलं, म्हणजे फोकसचा पट्टा, पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, रुंद होईल. पण प्रकाश दोन स्टॉपनी घटला, म्हणजे एक चतुर्थांश राहिला, शटर १/६४० सेकंदावरून १/१६० सेकंदावर आलं, म्हणजे जास्त वेळ उघडं राहू लागलं, आणि आधी जरासे हललेले फोटो आता पारच गेले. दुखणं हलण्याचं होतं, औषध मी फोकसचं केलं.

ओळखायचं कसं? फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करा आणि आधी पक्षी सोडून बाकीचं बघा. फोकस चुकला असेल तर चौकटीत बहुतेक वेळा दुसरं काहीतरी लख्ख असतं. गवतात दबा धरून बसलेला वंचक धूसर, पण त्याच्या पुढच्या पात्यावरचे दवाचे थेंब मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. कॅमेरा हलला असेल तर काहीच लख्ख नसतं. पान, फांदी, चोच, सगळ्यांना एकाच दिशेने दुहेरी कड आलेली असते.

सगळ्यात खरी साक्ष देतो तो पक्ष्याच्या डोळ्यातला उन्हाचा ठिपका. फोटो शार्प असेल तर तो टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. फोटो हलला असेल तर त्याची छोटी रेघ होते, कधी स्वल्पविराम. फोकस चुकला असेल तर तो फुगून गोल चकती होतो. डोळा सावलीत असेल तर हेच पाण्यावरच्या चकाकीत शोधा. मी हल्ली फोटो निवडताना आधी हा ठिपकाच बघतो.

हलण्यातही दोन प्रकार आहेत. कॅमेरा हलतो तसा पक्षीही हलतो. कवड्या धीवर पाण्यावर पंख मारत एका जागी थांबतो, तेव्हा त्याचं डोकं जवळजवळ स्थिर असतं. १/५०० ला डोळा कोरीव येतो आणि पंखांचा नुसता धूर होतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवू शकत नाही. तिथे १/२५००च्या आसपासचं शटरच लागतं. बसलेल्या पक्ष्याला इतकं नको, पण ४०० मिलिमीटरची लेन्स हातात असेल तर १/४००च्या खाली न जाण्याचा जुना हिशेब पाळावा. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर १/६४० धरा. नावेत तिपाईचा उपयोग नाही. नावेची हालचाल तिच्यातून थेट कॅमेऱ्यात येते. त्यापेक्षा कोपर अंगाशी घट्ट धरून नावाडीदादांना क्षणभर नाव थांबवायला सांगावं.

शटरचा वेग वाढवायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि तिथे लोक कचरतात. आयएसओ कमी ठेवून काळपट काढलेला फोटो नंतर उजळला की सावल्यांत जास्तच दाणे उठतात. त्यापेक्षा आयएसओ १६०० ला नीट उजेडाचा फोटो शंभर पटींनी बरा. मात्र पांढऱ्या बगळ्यामागे गडद पाणी असेल तर एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) थोडं उणे करा. नाहीतर पिसं जळून सपाट होतात आणि फोकस बरोबर असूनही फोटो मऊ वाटतो.

आता खरंच फोकस चुकत असेल तर? क्रॉप सेन्सर, ४०० मिलिमीटर, एफ ५.६ आणि ६ मीटरवर बसलेला वेडा राघू. इथे फोकसचा पट्टा जेमतेम ५ सेंटीमीटरचा असतो. फोकस शेपटीवर गेला की डोळा हुकलाच. म्हणून एकच फोकस पॉइंट घेऊन तो डोळ्यावर ठेवा. डोळा ओळखणारा मिररलेस कॅमेरा असेल तर फारच सोपं. पक्षी उडत असेल तर सलग फोकस ठेवणारा मोड हवा. डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) फोकस दर वेळी तेवढाच पुढे किंवा मागे पडत असेल, तर वर्तमानपत्र तिरकं ठेवून एका ओळीवर फोकस लावून फोटो काढा. त्या ओळीऐवजी दुसरीच ओळ लख्ख आली, तर लेन्सचं कॅलिब्रेशन (फोकसची जुळणी) करून घ्यायला हवं.

एक तिसरा प्रकार या दोन्हींत बसत नाही. ऊन चढल्यावर दूरच्या रोहितांच्या थव्याचे दहा फोटो सलग काढा. कडा एका दिशेने सरकलेल्या नसतात, वेड्यावाकड्या लहरलेल्या असतात आणि दहाही फोटोंत वेगवेगळ्या. त्या उन्हाच्या झळा. तिथे शटर, फोकस, महागडी लेन्स, कशाचाच उपयोग होत नाही. म्हणून मी भिगवणला उजाडताना नावेत बसलेला असतो आणि झळा दिसू लागल्या की फक्त जवळच्या शेकाट्यांचे फोटो काढतो.