विरजणातला जीवाणू पटकी ओळखतो तेव्हा

"अरे, टीडीएस एकशे ऐंशी आलाय. पाचशेच्या आत आहे ना, मग उकळायचं कशाला?" ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारी माझी मावशी ऐन पावसाळ्यात मला म्हणाली. पाणी दिसायलाही नितळ होतं. तरी मी त्याच नळाचं पाणी तपासणीच्या एका छोट्या कुपीत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी ते शाईसारखं काळं झालं होतं.

टीडीएसचं पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतूंबद्दल ते काहीच सांगत नाही. आकडा कमी म्हणजे पाणी निर्धोक, हा समज घातक आहे, आणि शिकल्यासवरलेल्या घरांतही तो घट्ट बसलाय.

ती कुपी मात्र आपल्या ग्वाल्हेरची! झाशी रोडवरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या तिघा शास्त्रज्ञांनी ही चाचणी १९८२ साली प्रसिद्ध केली. कुपीतल्या कागदी पट्टीत पेप्टोन हे जीवाणूंचं खाद्य, थायोसल्फेट हा गंधकयुक्त क्षार आणि लोहाचा क्षार असतो. विष्ठेबरोबर येणारे बरेच जीवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, बनवतात. लोहाशी त्याचा संयोग झाला की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. पण पाण्यात मैला मिसळलाय, एवढंच कुपीला कळतं. जंतू पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, आहे का, ते नाही कळत.

त्यासाठी जंतूंचं आपसातलं बोलणं ऐकावं लागतं. पटकीचा प्रत्येक जंतू सीएआय-१ नावाचा रेणू बाहेर सोडतो. भोवताली तो दाटला की आपली संख्या वाढल्याचं सगळ्यांना समजतं. हा रेणू टिपणारं ग्राहक प्रथिन (रिसेप्टर) जंतूच्या पटलात असतं. जैवअभियंते जेम्स कॉलिन्स यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या गटानं २०१८ साली या ग्राहकाचा बाहेरचा भाग लॅक्टोकोकस लॅक्टिसच्या ग्राहकाच्या आतल्या भागाला जोडला. लॅक्टोकोकस म्हणजे दह्या-ताकातला जीवाणू.

इथे खरी कसोटी होती, कारण हा ग्राहक उलटा चालतो. सीएआय-१ नसताना तो आतल्या एका प्रथिनाला फॉस्फेट जोडत राहतो. सीएआय-१ आला की तेच फॉस्फेट काढून घेतो. सरळ तारा जोडल्या असत्या तर चोर नसतानाच घंटा वाजली असती. म्हणून त्यांनी मध्ये टेटआर हे दमनकारी प्रथिन घातलं. फॉस्फेट आहे तोवर टेटआर बनतं आणि रंग बदलणाऱ्या विकराचं जनुक दाबून ठेवतं. फॉस्फेट गेलं की टेटआर बनायचं थांबतं, जनुक मोकळं होतं, विकर तयार होतो आणि नायट्रोसेफिन हे पिवळं द्रव्य लाल पडतं. दोन नकारांचा होकार! ही मांडणी मी कितीदा तरी कागदावर काढून पाहिली आहे.

हा प्रयोग उंदरांवर झाला होता. रंग त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांत तपासला गेला. नळाच्या पाण्यात काम जास्त अवघड. आतड्यात जंतूंची दाटी असते, पाण्यात ते विरळ, आणि त्यांचा रेणूही तितकाच विरळ. आधी बरंच पाणी गाळून जंतू गोळा करायला हवेत, काही तास वाढवायला हवेत. खर्चाचं गणित मात्र जमण्यासारखं आहे, कारण संवेदक स्वतःच वाढतो, चमचाभर विरजणाचं पातेलंभर दही व्हावं तसा. विरजणाचे जीवाणू वाळवून पुडीत विकले जातातच. फक्त या संवेदकाची कुपी बंदच राहायला हवी, आणि वापरल्यावर ब्लीचिंग पावडर घालून आतले जीवाणू मारूनच टाकायला हवी. जनुक बदललेला जीवाणू गटारात जाता कामा नये.