फळांची नेग्रोनी

फळांची नेग्रोनी : जिन, कंपारी (कडू, लाल रंगाचे इटालियन मद्य) आणि गोड लाल व्हर्मूथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) समभाग घेऊन होणाऱ्या नेग्रोनी या इटालियन कॉकटेलचा फळ मुरवून केलेला प्रकार. स्ट्रॉबेरी, रासबेरी, प्लम, ग्रेपफ्रूट ही त्यासाठी सोयीची फळे. मूळ पेयाचा कडूपणा शाबूत ठेवून त्याला फळाचा वास आणि किंचित आंबटगोड चव द्यायची, एवढाच यातला हेतू. कडूपणा झाकला गेला की फळांचे गोड मद्य उरते. त्याला नेग्रोनी म्हणण्यात अर्थ नाही.

नेग्रोनीचे मूळ फ्लॉरेन्सचे मानतात. १९१९ च्या सुमारास काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी कॅफे कासोनीत आपल्या नेहमीच्या अमेरिकानोमध्ये (कंपारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा यांचे कॉकटेल) सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली आणि फॉस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरने ती घालून दिली, अशी कथा प्रचलित आहे. घटक मात्र पेयाहून बरेच जुने. गोड व्हर्मूथचा प्रारंभ १७८६ मध्ये तुरिनच्या आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांच्याकडे झाला असे सांगतात; कंपारी १८६० ची, गास्पारे कंपारी यांची.

या पेयाचे प्रकार पुढे पुष्कळ निघाले. मिलानच्या बार बास्सोमध्ये जिनऐवजी फसफसती वाइन घातलेली स्बाल्यातो नेग्रोनी प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये वेन कॉलिन्स या बारटेंडरने कंपारी व लाल व्हर्मूथ दोन्ही बदलून पांढरी नेग्रोनी केली. या दोन्हींत एखादा घटक काढून त्याच्या जागी दुसरा आणला आहे. फळांच्या नेग्रोनीत तिन्ही घटक जागच्या जागी राहतात आणि फळ त्यांतल्या एकात मुरते. त्यामुळे पहिला प्रश्न पडतो तो फळ कशात मुरवायचे हा.

जिनमध्ये अल्कोहोल जास्त, म्हणून फळाचा वास आणि रंग त्यात झपाट्याने उतरतो. पण जिनचा जीव जुनिपर या झुडपाच्या फळांच्या वासात असतो आणि पिकलेले फळ त्यावर सहज चढते. व्हर्मूथ ही मुळात वाइन. अल्कोहोल कमी असल्याने तिच्यात फळ टिकत नाही. उरते कंपारी. तिच्यात कडूपणा आहे, साखरही भरपूर आहे, त्यामुळे फळ तिच्यात सामावते आणि तिला झाकूनही टाकत नाही. स्ट्रॉबेरीसाठी तर कंपारीसारखी दुसरी जागा नाही.

पद्धत अशी. २०० ग्रॅम पिकलेल्या स्ट्रॉबेरी धुऊन, पूर्ण कोरड्या करून, देठ काढून चिराव्यात आणि काचेच्या बरणीत २५० मिली कंपारी ओतून त्या बुडवून ठेवाव्यात. बरणी झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी पाहिले तर फोडी फिकट, जवळजवळ पांढुरक्या झालेल्या असतात. रंग आणि वास द्रवात उतरलेला असतो. एवढे दिसले की पुरे. साधारण २४ तासांनी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यावे. फडके पिळायचा मोह आवरावा, कारण पिळले की गर खाली येतो आणि पेय गढूळ होते. आपोआप निथळू द्यावे. स्ट्रॉबेरीत वजनाच्या नऊ दशांशांहून जास्त पाणी असते आणि त्यातले काही कंपारीत मिसळते. म्हणून गाळलेला द्रव मूळ कंपारीहून सौम्य असतो, तो फ्रिजमध्येच ठेवावा आणि आठवडाभरात संपवावा.

रासबेरी याच रीतीने मुरवता येते; ती जास्त आंबट असल्यामुळे वेळ थोडा कमी द्यावा. प्लमच्या बिया काढणे आवश्यक आहे, कारण त्यांत ॲमिग्डालिन असते, ज्यापासून विषारी सायनाइड तयार होऊ शकते. ग्रेपफ्रूटची गोष्ट वेगळी. तो स्वतःच कडू असतो आणि त्या कडूपणाचे मुख्य कारण नॅरिंजिन हे द्रव्य. सालीखालचा पांढरा थर मुरवला तर कंपारीच्या कडूवर आणखी एक कडू चढते. म्हणून सालीचा वरचा रंगीत पापुद्राच सोलून घ्यावा. सुवास त्यातल्या तेलात असतो, आणि त्यासाठी काही तासही पुरतात.

ताज्या फळाचा रस थेट ओतणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण त्याने पेयाची जातच बदलते. नेग्रोनी बर्फावर ढवळून करतात, म्हणून ती स्वच्छ आणि जड राहते. रस घातलेले पेय चांगले एकजीव व्हायला शेकरमध्ये जोराने हलवावे लागते. ते फेसाळते, गढूळ होते आणि आंबटाकडे झुकते. पेय चांगलेही होईल, पण ते वेगळे पेय असेल. तयार फळांचे सरबत वापरले तर साखर वाढते, आणि मग व्हर्मूथ कमी करण्यावाचून इलाज नसतो.

मूळ पाककृतीत प्रत्येकी ३० मिली घेतात. फळ मुरवलेल्या कंपारीबरोबर हे माप जसेच्या तसे चालवले तर गोडी वर येते, म्हणून जिन ३५ ते ४०, कंपारी ३० आणि व्हर्मूथ २० ते २५ मिली असे घ्यावे. अंतिम माप चव घेऊनच ठरवायचे, कारण एकाच पेटीतल्या दोन स्ट्रॉबेरी सारख्या गोड नसतात. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फावर अर्धा मिनिट ढवळून, गाळून, एका मोठ्या खड्यावर ओतावे. मोठा खडा हळू वितळतो, त्यामुळे शेवटचा घोटही पातळ होत नाही.

गोडव्यामुळे या पेयाचा कडकपणा जिभेला कळत नाही, म्हणून हिशेब आधीच केलेला बरा. जिन ४०, कंपारी २५ आणि व्हर्मूथ १६ टक्के धरली तर मूळ मापात १२, साडेसात आणि ४.८ मिली, म्हणजे एकूण २४.३ मिली शुद्ध अल्कोहोल होते. वजनात ते सुमारे १९ ग्रॅम भरते. फळ मुरवून यात फारसा फरक पडत नाही, आणि जिन वाढवली तर आकडा वरच जातो.

सजावटीला संत्र्याची साल मूळ नेग्रोनीतलीच ठेवावी. ग्लासावर धरून ती मुडपली की तेलाचे बारीक तुषार पृष्ठभागावर पडतात आणि पहिल्या घोटाआधी नाकाला संत्रे लागते, मागून स्ट्रॉबेरी. फळाची फोड लावायची असेल तर ताजी लावावी; बरणीतली फिकी फोड पेयात परत घालू नये, तिच्यात देण्यासारखे काही उरलेले नसते.