आंत्रीय सूक्ष्मजीवसमूह

माणसाच्या अन्नमार्गात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, वस्ती करून राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा समूह. त्यात जीवाणू बहुसंख्य असून आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातील एकपेशीय जीव), कवके व विषाणूही आढळतात.

शरीरातील जीवाणू मानवी पेशींच्या दसपट असतात, हे विधान पाठ्यपुस्तकांतही रूढ आहे. त्याचे मूळ बहुधा अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ टॉमस लकी यांच्या १९७२ मधील ढोबळ अंदाजात असावे. अन्नमार्गातील सर्व ऐवजात मोठ्या आतड्याइतकीच दाट वस्ती असते, असे त्यात गृहीत होते. वस्तुतः जठर व लहान आतड्यात ती फारच विरळ असते. सेंडर, फुक्स व मायलो या संशोधकांनी २०१६ मध्ये ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषासाठी सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू व ३० लाख कोटी मानवी पेशी असा हिशेब मांडला. जीवाणूंचे वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. हा हिशेब अधिक ग्राह्य वाटतो. मात्र मानवी पेशींपैकी सुमारे ८४ टक्के या केंद्रकहीन तांबड्या रक्तपेशी असतात. केंद्रकयुक्त पेशीच मोजल्या, तर गुणोत्तर पुन्हा दहाच्या आसपास जाते.

न पचलेल्या तंतुमय पदार्थांच्या किण्वनातून हे जीवाणू ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींना ऊर्जा मुख्यतः ब्युटिरेटपासून मिळते. क जीवनसत्त्व नव्हे, तर के व काही ब गटातील जीवनसत्त्वेही येथे तयार होतात.

बालरोगतज्ज्ञ टेओडोर एशरिख यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतील जीवाणूचे वर्णन केले. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले (एशेरिकिया कोलाय). मोठ्या आतड्यातील सडण्यामुळे वार्धक्य येते व आंबवलेल्या दुधाने ते लांबणीवर पडते, हे रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचे मत. त्यांचे १९०८ चे नोबेल मात्र प्रतिरक्षाविषयक कार्यासाठी होते.

यजमान (ज्याच्या शरीरात सूक्ष्मजीव राहतात तो जीव) व त्याचे सूक्ष्मजीव मिळून एकच जीव मानावा, ही समग्रवादी कल्पना सामान्यतः अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस (१९९१) यांच्या नावे सांगतात. जर्मन जीवशास्त्रज्ञ मायर-आबिख यांनी १९४३ मध्येच तत्सम मांडणी केली होती. अनेक सूक्ष्मजीव आहार व परिसरातून येतात, पिढीजात नसतात. म्हणून नैसर्गिक निवड या जोडीवर एकसंध घटक म्हणून होते, हे पटण्याजोगे नाही. यजमान व सूक्ष्मजीव यांच्याकडे एक परिसंस्था म्हणून पाहणे पुरेसे ठरते.

वारंवार उलटणाऱ्या क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल (पूर्वीचे नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल; अतिसार घडवणारा जीवाणू) संसर्गावर विष्ठारोपण, म्हणजे निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडणे, गुणकारी आहे. स्थूलता व नैराश्याशी आढळलेले संबंध अद्याप कार्यकारणभाव ठरवत नाहीत.

आयुर्वेदीय प्रकृती व हा समूह यांच्या संबंधाचा अभ्यास पुण्यात झाला आहे. त्यावरून जठराग्नी म्हणजेच सूक्ष्मजीव, असे समीकरण मांडता येत नाही.