लॅपटॉपवर वाजणारा लँडलाइन नंबर

साताऱ्याचा एक वितरक मोबाइलवरून ०२० ने सुरू होणारा नंबर लावतो आणि पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्याच्या खरेदी विभागात लॅपटॉप वाजू लागतो. टेबलावर फोनच नाही. तिथल्या बाई हेडफोन कानाला लावतात, मायक्रोसॉफ्ट टीम्समधलं बटण दाबतात आणि "नमस्कार, बोला" म्हणतात. वितरकाला यातलं काही जाणवत नाही, जाणवण्याचं कारणही नाही. पण या दोघांच्या मधे दोन निराळ्या जाती-कुळीची जाळी एकमेकांना भेटलेली असतात. ती जिथे भेटतात त्या दाराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न ऑफिसचे फोन टीम्सवर नेण्याआधी कंपनीने विचारायला हवा. मी ज्या बैठकांना बसतो तिथे मात्र चर्चा होते ती महिन्याच्या भाड्याची.

आधी आवाजाचं काय होतं ते पाहू. टेलिफोनच्या जाळ्यात आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात. म्हणजे एका कॉलला सेकंदाला ६४ किलोबिट. ऑफिसात येणाऱ्या पीआरआय नावाच्या डिजिटल टेलिफोन लाइनमध्ये असे ३० कॉल एका वेळी मावतात, प्रत्येकाला स्वतःची राखीव वाट. कॉल संपेपर्यंत त्या वाटेवर दुसरं कोणी पाऊल टाकत नाही.

इंटरनेटवर अशी राखीव वाट नसते. तिथे आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्यात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता, क्रमांक वगैरे. मेल, व्हिडिओ, फाइल यांच्या गर्दीतून हे तुकडे वाट काढतात. काही वेळेवर पोचतात, काही रेंगाळतात. या मागेपुढे होण्याला जिटर म्हणतात. ऐकणाऱ्याच्या बाजूला थोडे तुकडे साठवून ते एकसारख्या गतीने वाजवले जातात. साठा मोठा ठेवला तर आवाज सलग येतो, पण उशिराने येतो. एका दिशेचा हा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. तो फार वाढला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचा उद्धट आहे.

दोन जाळ्यांच्या सीमेवर जे यंत्र बसतं त्याचं नाव सेशन बॉर्डर कंट्रोलर. आम्ही नुसतं एसबीसी म्हणतो. एका अंगाला टेलिफोन कंपनीची एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने अनेक कॉल आणणारी लाइन, दुसऱ्या अंगाला टीम्स. दोन्हीकडची ओळखपत्रं तपासणं, एकीकडच्या साध्या आवाजाला दुसरीकडे कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणं, नंबर योग्य रूपात लिहिणं, रात्री-अपरात्री फुकट परदेशी कॉल करू पाहणाऱ्या चोरट्यांना अडवणं, ही सगळी त्याची कामं.

हे यंत्र कोणी सांभाळायचं, यावरून पर्याय वेगळे होतात. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतःच कॉलिंग प्लॅन नावाने नंबर आणि मिनिटं विकते. तिथे ग्राहकाला सीमा दिसतसुद्धा नाही. २०१८ मध्ये आलेलं डायरेक्ट राउटिंग हे दुसरं टोक: ट्रंक तुमची, एसबीसी तुमचा, जबाबदारीही तुमची. हाच एसबीसी एखाद्या सेवादाराने आपल्या डेटा सेंटरमध्ये ठेवून सांभाळला तर ते झालं मॅनेज्ड डायरेक्ट राउटिंग. २०२१ मध्ये ऑपरेटर कनेक्ट आलं. यात टेलिफोन कंपनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपापली जाळी आधीच जोडून ठेवलेली असतात. तुमचा माणूस टीम्सच्या ॲडमिन पानावर ऑपरेटर निवडतो आणि मिळालेले नंबर कर्मचाऱ्यांना वाटतो. भारतात एअरटेलने २०२३ मध्ये टीम्ससाठी ही वाट उघडली, टाटा कम्युनिकेशन्सही त्यात आहे. झूमने आणखी वेगळा मार्ग धरला. २०२३ मध्ये स्वतःच दूरसंचार परवाना मिळवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात झूम फोन सुरू करताना सुरुवात पुण्यापासून, म्हणजे महाराष्ट्र सर्कलपासून, केली.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या कंपनीत टेलिफोनचं काम पूर्णवेळ बघणारा माणूस नाही, तिने एसबीसी स्वतःच्या अंगावर घेऊ नये. याचं कारण मी एका सोमवारी सकाळी शिकलो. एका ऑफिसात साडेनऊपासून बाहेरचा एकही कॉल येईना. टीम्सवरचे आपापसातले कॉल व्यवस्थित चालू, इंटरनेट ठणठणीत, ट्रंकवाल्याकडूनही सगळं हिरवं. दुपारी बाराला कळलं की एसबीसीच्या डिजिटल प्रमाणपत्राची, म्हणजे त्याच्या ओळखपत्राची, मुदत रविवारी मध्यरात्री संपली होती. प्रमाणपत्र शिळं झालं की टीम्स त्या यंत्राशी बोलणंच थांबवतं. मुदत संपत आल्याचे मेल येत होते, पण ते नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर. दोष कोणा एकाचा म्हणता येणार नाही. ते काम कोणाच्याच नावावर लिहिलेलं नव्हतं.

हे दुखणं आता वाढणार आहे. अशी प्रमाणपत्रं २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची असत. मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवसांवर येते आणि मार्च २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर. वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून भागणारं काम दर दीड महिन्याला येईल. ते ज्याच्या यंत्रणेत आपोआप होतं त्याच्याकडे सोपवलेलं बरं.

पण सोपवण्याआधी आपल्या नंबरचं काय, ते बघा. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. वीस वर्षं बिलांवर, पाट्यांवर, ट्रकच्या दारांवर रंगवलेला ०२० चा नंबर ज्या टेलिफोन कंपनीचा, तिच्याकडेच राहतो. तुमची सध्याची कंपनी ऑपरेटर कनेक्ट देत असेल तर तोच नंबर त्यावर नेता येईल का, हे लेखी विचारा. देत नसेल आणि नंबर मोलाचा असेल, तर मॅनेज्ड डायरेक्ट राउटिंगला हा एकच मुद्दा झुकतं माप देतो. तिथे जुनी ट्रंक आणि जुना नंबर राहतात, फक्त एसबीसीची देखभाल दुसऱ्याकडे जाते.

कायद्याची बाजूही भारतात निराळी आहे. पुण्याहून दिल्लीचा कॉल कंपनीच्या खासगी इंटरनेटवरून दिल्लीपर्यंत नेऊन तिथे स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडायचा, याला टोल बायपास म्हणतात आणि तो इथे चालत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कॉल सेंटरांसाठीचे नियम बरेच सैल झाले, हे बंधन मात्र राहिलं. म्हणून डायरेक्ट राउटिंग वापरताना टीम्समध्ये लोकेशन-बेस्ड राउटिंग चालू ठेवतात. ते असलं की कर्मचारी ऑफिसच्या नेटवर्कवर असतानाच त्या नंबरवरून बाहेर बोलू शकतो. घरी लॅपटॉप उघडला की तोच नंबर मुका. निम्मे लोक घरून काम करत असतील तर हे करार करण्याआधी कळलेलं चांगलं. सेवादार कोणत्या परवान्यावर कॉल नेतो, घरून बोललेलं त्याच्या परवान्यात बसतं का, याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

किती कॉल एका वेळी लागतील, याचा अंदाज बहुतेक जण फुगवून बांधतात. हे गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी १९१७ मध्ये त्याचं सूत्र मांडलं, आणि फोनची वर्दळ आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात. समजा १०० माणसं आहेत आणि सर्वांत गर्दीच्या तासात प्रत्येक जण सरासरी ३ मिनिटं बाहेरच्यांशी बोलतो. एकूण ३०० मिनिटं, म्हणजे ५ एर्लांग. शंभरात एखाद्याच कॉलला "लाइन व्यस्त" मिळावं, अशी अट घातली तरी ११ वाटा पुरतात. जो सेवादार डोकी मोजून पैसे घेतो आणि जो वाटा मोजून घेतो, त्यांच्या दरपत्रकांची तुलना या आकड्याशिवाय होतच नाही. ११ कॉलांना इंटरनेटही फार लागत नाही, प्रत्येकी ९० किलोबिट धरले तर जेमतेम १ मेगाबिट. त्रास होतो तो वेग कमी असल्याने नव्हे, तर कोणीतरी मोठी फाइल चढवत असताना आवाजाचे तुकडे रांगेत अडकल्याने. राउटरवर आवाजाला पुढची रांग द्या, आणि त्या राउटरला यूपीएस द्या. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळत, वीज गेली तरी फोन चाले. ती सोय आता गेली.

सेवादाराला त्याचा एसबीसी कोणत्या शहरात आहे हेही विचारा. काचेच्या तंतूतून प्रकाशाला हजार किलोमीटर जायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. भोसरीचा आवाज सिंगापूरला जाऊन साताऱ्याला परत येत असेल, तर १५० पैकी जवळपास ४० मिलिसेकंद नुसत्या अंतरात गेले.

सही करण्याआधी पंधरा दिवसांची चाचणी मागा आणि ती कारखान्यातच करा, आयटी विभागाच्या शांत खोलीत नको. सकाळी अकराला, सगळे हजर असताना. साध्या मोबाइलवरून आत कॉल करा, मग आतून एखाद्या बँकेच्या ग्राहक सेवेला लावा आणि "मराठीसाठी १ दाबा" आलं की १ दाबा. त्या बटणाच्या आवाजात ६९७ आणि १,२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकत्र असतात. इंटरनेटवरून जाताना आवाज दाबून लहान केला तर ते सूर बिघडतात, म्हणून बटणाची खबर आवाजापासून वेगळी, स्वतंत्र तुकड्यातून पाठवतात. ती कशी पाठवायची यावर एसबीसीच्या दोन्ही बाजूंचं एकमत नसेल तर बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि बँकेचं यंत्र मात्र पुन्हापुन्हा १ दाबायला सांगत राहतं. खरेदी विभागातल्या बाईंना ते पहिल्या दिवशी कळेल. ते चाचणीतच कळू द्या.