गॅस बंद असेल, नसेलही

ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या उपचारांत सगळ्यात फसवा काळ कोणता, तर बरं वाटायला लागल्यानंतरचा. अर्धा तास चालणारं हात धुणं दोन मिनिटांवर आलेलं असतं, कुलूप एकदाच ओढून बघितलं जातं, आणि हळूहळू सराव सुटतो. मग घर बदलतं, बाळ होतं, चार-आठ रात्री धड झोप लागत नाही, आणि जुनी शंका पुन्हा डोकं वर काढते.

ओसीडीवरची मुख्य थेरपी म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन). मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडलेल्या कामातून ती पुढे आली. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती मात्र करायची नाही. याने भीती पुसली जात नाही. ‘दाराची कडी म्हणजे धोका’ ही मेंदूतली जुनी नोंद राहतेच. तिच्याशेजारी ‘कडीला हात लावला, धुतला नाही, तरी निभावलं’ अशी नवी नोंद होते. ही नवी नोंद जिथे शिकली त्या जागेला चिकटून असते. दवाखान्यात पक्की, पाहुण्यांच्या घरच्या बाथरूममध्ये डळमळीत. म्हणून सराव निरनिराळ्या जागी आणि दीर्घकाळ करावा लागतो. एकट्याने तो टिकवणं कठीण, म्हणून ओसीडी असलेल्यांनी एकमेकांसाठी चालवलेला आधारगट.

मानसशास्त्रज्ञ जोनाथन ग्रेसन यांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियात 1981 मध्ये ‘गोल’ (GOAL, म्हणजे उद्दिष्ट) हा असा गट सुरू झाला. नावाप्रमाणेच भर उद्दिष्टांवर: पुढच्या भेटीपर्यंत काय करणार, हे प्रत्येकाने ठरवायचं. ‘हात कमी धुईन’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार लोकलमधून उतरल्यावर 30 मिनिटं हात धुणार नाही, सॅनिटायझरही नाही’ हे उद्दिष्ट. सॅनिटायझर मुद्दाम लिहायचा, कारण पळवाट तिथूनच निघते.

गट बिघडतो तो बहुतेकदा मायेपोटी. कुणी विचारतं, ‘निघताना गॅस बंद केला असेन ना मी?’ बाकीचे म्हणतात, ‘केला असणार हो, काळजी नका करू!’ क्षणभर हायसं वाटतं, आणि तोच घोटाळा. विचारल्यावर सुटका होते हे मेंदू शिकतो. पुढच्या वेळी दोनदा विचारावं लागतं. म्हणजे आधी बटण तपासणं होतं, आता माणसं तपासणं. योग्य उत्तर कोरडं वाटतं: ‘असेल, नसेलही. या आठवड्याचं उद्दिष्ट कुठवर आलं?’ व्हॉट्सअ‍ॅप गटात तर हा नियम पहिल्याच दिवशी लावावा. रात्री दोन वाजता शेगडीच्या बटणाचा फोटो टाकला, की धीर द्यायला कुणीतरी जागं असतंच. ‘मनात वाईट विचार आला, सांगून टाकतो’ ही कबुलीही पुष्कळदा धीर मागण्याचंच दुसरं रूप असते.

एखाद्या दिवशी पाय घसरला म्हणजे आजार उलटला असं नाही. त्याच दिवशी ती कृती मोडून काढायची: जास्तीचे हात धुतले असतील, तर पुन्हा कडीला हात लावायचा. चार-पाच दिवस घसरण चालूच राहिली, तर थेरपिस्टला गाठावं. गोळ्या मनाने बंद करू नयेत. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. आत्महत्येचे विचार येत असतील, तर गटाच्या तारखेची वाट पाहू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर लगेच फोन करावा.

आणि गटाला पडणाऱ्या दांड्या मोजाव्यात. ‘आता बराय की, कशाला जायचं’ आणि ‘फार बिघडलंय, तोंड कसं दाखवू’ या दोन्ही सबबींना उत्तर एकच: त्या दिवशी पाच मिनिटं का होईना, जाऊन बसायचं.