गप्प टॅपेट आणि जळालेला व्हॉल्व्ह

"भाऊ, गाडी वाजी ऱ्हायनी," अशी तक्रार घेऊन जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या कुठल्याही गॅरेजात गेलं की मिस्त्री बॉनेट उघडतो, क्षणभर कान देतो आणि म्हणतो, "टॅपेट आहेत." गिऱ्हाईक एकच मागतं, आवाज बंद करून द्या. घोळ इथेच होतो. टॅपेट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, दाबून उघडणारे भाग. त्यांच्या बारीक टकटकीने इंजिन मरत नाही. अजिबात न वाजणारा टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळू शकतो. जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा अ‍ॅम्बॅसेडर असेल तर टॅपेट घरच्या अंगणात सेट करता येतात, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली बारीक फट नीट करता येते, पण पाना उचलण्याआधी ही फट ठेवलीच कशाला आहे ते कळायला हवं.

कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम नावाचे उंचवटे असलेला दांडा, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅम रॉकरला, म्हणजे मधल्या तरफेला, ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हची दांडी दाबतो, कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीच्या गोल कडेवर, बसवते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकर आणि दांडीच्या टोकामध्ये थोडी मोकळीक राहिली पाहिजे. पेट्रोल इंजिनांत ती साधारण ०.१५ ते ०.३० मिलिमीटर असते, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाची दीड ते तीन पानं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, डोकं ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. पाण्याचं कूलिंग त्याच्यापर्यंत थेट पोचत नाही. त्याच्या उष्णतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग, व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढ्या वेळात, सीटमधून हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरतो. बाकीची उष्णता दांडीवाटे गाइडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत, जाते. फट संपली की रॉकर व्हॉल्व्हला सीटवर पुरता टेकू देत नाही. मग उष्णता उतरायची वाट बंद होते आणि शिवाय पेटलेला वायू त्या चिरेतून फुंकणीसारखा बाहेर पडत राहतो. कड जळते, तिचा एखादा टवका उडतो, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) जातं, गाडी मिसिंग करू लागते. यातलं बरंचसं मुकाट्याने घडतं. उलट फट जास्त असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, रॉकरचं टोक ठोके खाऊन झिजतं, पण निदान ऐकू तरी येतं.

बहुतेकांना वाटतं, झीज झाली की फट वाढणार. कॅम आणि रॉकर झिजले तर ती वाढते, हे खरं. पण व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून हळूहळू आत रुतत जातो, त्याची दांडी तेवढीच वर येते आणि फट कमी होते. एक्झॉस्टकडे हीच झीज अनेकदा वरचढ ठरते. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरून तिचं रक्षण करायचं. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. हवेच्या आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण मऊ सीटच्या जुन्या इंजिनांचा आधार गेला. आता धुळे-जळगावकडे अनेक जुन्या गाड्यांना सीएनजी किंवा एलपीजी किट बसलंय. हे इंधन कोरडं असतं, त्यामुळे सीट आणखी लवकर खचू शकते. गॅसवरच्या गाडीत टॅपेट एकदम शांत झाले तर खूश होण्याऐवजी फट मोजावी.

आता आपल्या खानदेशच्या उन्हाचा प्रश्न. गाडीच्या पुस्तकात 'थंड इंजिन' म्हणतात ते अनेकदा १५ ते २५ अंशांचं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली येतो. १०० मिलिमीटर पोलाद दर अंशाला सुमारे ०.००१२ मिलिमीटर वाढतं, तेवढंच अ‍ॅल्युमिनियम ०.००२३, म्हणजे जवळपास दुप्पट. व्हॉल्व्ह पोलादाचा, मारुतीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हेड जास्त फुगतं, रॉकरला वर नेतं आणि फट वाढते. म्हणूनच अशा काही इंजिनांच्या पुस्तकात गरम इंजिनाचा आकडा थंडपेक्षा मोठा दिलेला असतो. मेच्या भर दुपारी ०.१५ वर सेट केलेली फट, ३५ अंश कमी असलेल्या जानेवारीच्या पहाटे साधारण ०.०४ मिलिमीटरने आवळते, म्हणजे पाव हिस्सा गेला. त्यातच गाडी सुरू झाली की व्हॉल्व्ह काही सेकंदांत तापतो, हेडला मात्र काही मिनिटं लागतात. त्या मिनिटांत फट सगळ्यात कमी असते. तेव्हा उन्हाळ्यात हे काम रात्रभर उभ्या गाडीवर, दिवस उगवायच्या आत करावं. अ‍ॅम्बॅसेडरचं हेड बिडाचं, त्याचं प्रसरण पोलादाच्या जवळपास, त्यामुळे तिथे हा फरक किरकोळ.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गॅसची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. हेड कव्हरभोवतीची धूळ आधी पुसून घ्या, वारा सुटला असेल तर काम उघड्यावर करू नका. प्लग काढले की क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने सहज फिरतो. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना अगदी वर, आला की त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. कार्ब्युरेटरच्या मारुतीत प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं तर आत फिरणारा रोटर कोणत्या प्लगकडे बघतोय यावरूनही खात्री होते. तीन सिलिंडर, क्रँकच्या दोन फेऱ्यांत काम पुरं. अ‍ॅम्बॅसेडरच्या आठ व्हॉल्व्हना जुने मिस्त्री नवाची बेरीज लावतात: आठवा पूर्ण दबला की पहिला मोजायचा, सातवा दबला की दुसरा, असं पुढे. पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या एका फेरीच्या अंतरावर चालतात, म्हणून हे गणित जुळतं.

फिलर गेज म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा संच. त्यातली पुस्तकातल्या आकड्याची पत्ती तेलाच्या बोटाने पुसून फटीत सरकवा. ती हलका ओढा देत सरकली पाहिजे, अडकता कामा नये. रॉकरवरच्या स्क्रूला जखडणारा चेकनट ढिला करा, स्क्रू फिरवा, स्क्रू तसाच धरून नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण नट आवळताना फट बदलते. पुढची जाड पत्ती आत जात नाही ना, तेही बघा. जुन्या रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडलेला असतो. सपाट पत्ती त्या खळग्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट मोजल्यापेक्षा मोठी निघते. असे टॅपेट सेट करूनही थोडे वाजतात, ते वाजू द्यावेत. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणाऱ्या, टॅपेटच्या नव्या गाड्यांत हा स्क्रूच नसतो, तिथे हात घालू नये.

सेट करण्याआधी मिळालेला प्रत्येक आकडा व्हॉल्व्हच्या क्रमाने वहीत लिहा. पॅकिंग खराब असेल तर बदला, कव्हर लावा, गाडी सुरू करून तेल पाझरत नाही ना बघा. पुढच्या वेळी आकडे ताडून पाहा. एखाद्याच एक्झॉस्टची फट दर वेळी इतरांपेक्षा जास्त आवळलेली मिळत असेल, तर नुसता स्क्रू फिरवून भागणार नाही. हेड उतरवून ती सीट बघून घ्या.